सिपोरेक्सची भिंत, किचनचं कपाट आणि पिंप्राळ्याचा मिस्तरी

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कपाटाचा नाहीये, कपाट भिंतीला लावून देणाऱ्या मिस्तरीचा आहे. कपाट चांगलंच होतं, 18 एमएम प्लायचं, तीन फूट रुंद, दोन फूट उंच, एक फूट खोल, बिजागऱ्या पण सॉफ्ट क्लोजवाल्या. बोंब सगळी भिंतीत होती.

आमचा फ्लॅट जळगावात, नवीन बिल्डिंग. किचन एका मॉड्युलरवाल्याकडून करून घेतलं (नाव घेत नाही, आता भांडण मिटलंय). त्याच्या पोरांनी एका दुपारी पाच कपाटं ठोकून दिली, मी खूश. मग आखाजीला (अक्षय तृतीयेला) सासूबाई गावाहून आल्या आणि सोबत वर्षाचा माल. उडदाचे पापड, बिबडे, कुरडया, दहा किलो तूरडाळ, मसाल्याच्या बरण्या, मागच्या वर्षीच्या लोणच्याची चिनीमातीची बरणी, सगळं त्या वरच्या कपाटात गेलं. खान्देशातलं वरचं कपाट म्हणजे कोठीच हो, कॅटलॉगमध्ये दाखवतात तसे सहा काचेचे ग्लास आणि एक कुंडी नाही ठेवत कोणी.

चार-पाच दिवसांनी ओट्यावर पांढरी पावडर दिसायला लागली. मला वाटलं पापडाचं पीठ सांडतंय, रोज पुसायची. तीन दिवस पुसलं. चौथ्या दिवशी रात्री कर्र असा आवाज आला, लाइट लावून बघितलं तर कपाटाच्या वरच्या बाजूला भिंत आणि कपाट यांच्यात फट, दहाचं नाणं आरामात आत जाईल एवढी. रात्री साडेअकराला आम्ही दोघं बरण्या उतरवत बसलो आणि सासूबाई खालून "लोणचं आधी काढा" म्हणून ओरडत होत्या. दुकानवाल्याला सकाळी फोन केला तर म्हणे ताई तुम्ही ओव्हरलोड केलं. कपाटात वजन ठेवायचं नसतं हे बिल देताना सांगायचं ना भाऊ.

मग जाऊबाईंनी पिंप्राळ्याच्या या मिस्तरीचं नाव सुचवलं. मूळचा पारोळ्याकडचा, फोनवर अहिराणीच बोलतो. सकाळी सातला येतो म्हणाला आणि आला नऊला. पण आल्यावर त्याने ड्रिल काढलंच नाही, आधी भिंत वाजवली. बोटाच्या पेराने ठक ठक करत पूर्ण भिंत फिरला, मग म्हणाला, "हाई भित पोकय शे, ताई." म्हणजे पोकळ नाही अगदी, सिपोरेक्स. ते पांढरे हलके ब्लॉक असतात ना, एएसी म्हणतात, सिमेंट, चुना, राख आणि थोडी ॲल्युमिनियमची पावडर घालून फुगवतात, आत सगळे बारीक बुडबुडे, पावासारखं. बिल्डरला परवडतं, घर थंड राहतं, मे महिन्यात जळगावात राहणाऱ्याला त्याची किंमत कळते, पण स्क्रू धरायला ते पाव ते पावच.

त्याने कपाट उतरवलं आणि मला जवळ बोलावून भोक दाखवलं. माझी करंगळी आत गेली. आठ एमएमचं भोक पाडलं असणार पण हॅमर चालू ठेवून, त्यामुळे आतून ते नरसाळ्यासारखं झालेलं, गिट्टी (स्क्रू धरायला भोकात घालतात ती प्लास्टिकची नळी) नुसती गोल फिरत होती, दोन बोटांनी ओढली तर पावडरीसकट बाहेर. म्हणे सिपोरेक्समध्ये हॅमर बंद करून नुसतं फिरवायचं, आणि फुगून धरणारे लोखंडी फास्टनर तर अजिबात नको, ते फुगताना ब्लॉकच फोडतात. शिवाय स्क्रू दोन इंची, त्यातला अर्धा इंच प्लास्टरमध्येच गेला, प्लास्टर काही वजन घेत नाही. आणि स्क्रू कोणते, तर ते काळे जिप्समचे. एक त्याने पकडीत धरला आणि हातोडी मारली, टक्कन तुटला. साधा स्क्रू तसाच धरून मारला तर वाकला. वाकलेला दिसतो तरी, तुटलेला थेट डोक्यात पडतो, असं म्हणून तो हसला, मला नाही हसू आलं.

मला एक गोष्ट कळत नव्हती की कपाट खाली न पडता पुढे का झुकलं. त्याने पुठ्ठ्यावर पेन्सिलने काढून दाखवलं. कपाट एक फूट खोल म्हणजे वजन भिंतीपासून साधारण अर्ध्या फुटावर लोंबतं, खालची कड भिंतीला टेकून राहते आणि वरचे स्क्रू बाहेर ओढले जातात. दोन फूट उंचीचं कपाट भरून 80 किलो झालं तर वरच्या स्क्रूंवर मिळून साधारण 20 किलोची ओढ. तेच वजन एक फूट उंचीच्या बुटक्या कपाटात भरलं तर 40. म्हणून बुटकी खोल कपाटं जास्त धोक्याची, आणि बरण्या दाराजवळ न ठेवता मागे भिंतीकडे ढकलायच्या. आमची लोणच्याची बरणी अगदी पुढे होती, लगेच काढता यावी म्हणून.

आता काम काय केलं ते. जुन्या भोकांना हात लावला नाही, चार इंच सरकून नवीन घेतली. स्विचबोर्डच्या सरळ वर एकही भोक नाही, तिथून वायर जाते, आणि नळाची लाइन कुठून गेलीय ते आधी मला विचारलं, मी प्लंबरने काढलेला फोटो दाखवला (घर बांधताना हे फोटो काढून ठेवा हो, नंतर भिंत फोडून बघता येत नाही). मग केमिकल, म्हणजे रॉड भोकात पक्का चिकटवणारा मसाला. भोक ब्रशने साफ, पंपाने फुंकून धूळ बाहेर, परत ब्रश, मग गनने केमिकल भरून आट्यांचा रॉड फिरवत आत. हे काम त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर केलं, त्या दिवशी खरंच सातला आला, कारण उन्हात ते दोन-चार मिनिटांतच घट्ट होतं आणि रॉड अर्धाच जाऊन अडकतो. मग दिवसभर हात लावू दिला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सहा रॉडवर आडवी लोखंडी पट्टी, पट्टीवर कपाट, आणि खाली टेकायला एक अँगल. मागचा सहा एमएमचा प्लाय स्क्रू धरत नाही म्हणून आतून वर एक जाड पट्टी मारली. महिना झाला, माल सगळा परत आत, मी रोज नाणं घेऊन फट बघते, सवयच लागली.

किचन आणि बेडरूमच्या मधली भिंत चार इंची सिपोरेक्स. तिथे जड कपाट त्याने लावून दिलंच नाही. आरपार बोल्ट घालून मागून प्लेट देतो म्हणाला, पण मला बेडरूममध्ये पलंगाच्या डोक्यावर चार नट नको होते. मग ते कपाट पायांवर खाली उभं केलं आणि वरून फक्त पुढे पडू नये म्हणून एक क्लिप. पैसे कमी मिळत असताना नाही म्हणणारा मिस्तरी मी पहिल्यांदा बघितला.

गावी अमळनेरजवळ आमचं जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) घर आहे, तिथे पण नेलं त्याला. भिंत दीड हात जाड, दिसायला किल्ला, पण विटा मातीत बांधलेल्या. ड्रिल सांध्यात गेलं की तपकिरी माती भसाभस बाहेर. त्याने भिंतीचा नादच सोडला. धाब्याचं वजन लाकडी खांबांवर असतं, भिंत नुसती आडोसा, तर कपाट पण खांबालाच. दोन खांबांमध्ये सागाची आडवी पट्टी, आधी बारीक भोक पाडून मग जाड स्क्रू, म्हणजे जुनं लाकूड चिरत नाही. सासरे म्हणाले हे आम्हाला पन्नास वर्षं सुचलं नाही.

भावाच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात जिप्समचं पार्टिशन आहे, तिथे स्पीकरमधलं जुनं मॅग्नेट भिंतीवर फिरवून स्क्रू कुठे आहेत ते शोधलं, म्हणजे आतली चॅनेल सापडली, फाइलींचं कपाट तिथेच. नऊ इंची लाल विटेचं काय सांगायचं, विटेत मारा, सांध्यात नको, चांगली लांब गिट्टी, झालं. दीपनगरच्या वीज केंद्रामुळे आपल्याकडे राखेच्या विटा पण भरपूर, त्या सिपोरेक्ससारख्या हलक्या नसतात, उचलून बघितलं की फरक कळतो.

तक्रारी पण आहेत. धूळ. ओट्यावर पेपर टाकतो पण मिक्सर झाकत नाही, तो मीच झाकला. बिल देत नाही, पुठ्ठ्यावरच हिशोब. मजुरी 1800 आणि केमिकल, रॉड, पट्टीचे वेगळे 1400, म्हणजे दोन कपाटांसाठी स्वस्त नाहीच, मॉड्युलरवाल्याने तर फुकट लावून दिलं होतं. पट्टीला रंग लावून देतो म्हणाला होता, अजून लावलेला नाही. पाचपैकी साडेचार देते, अर्धा रंगासाठी कापला.

आता हॉलमधलं टीव्ही युनिट राहिलंय, रविवारी सातला येतो म्हणालाय, मी नऊचा चहा टाकणार.