कृत्तिका मोजाव्यात की लुकलुक पाहावी?

हिवाळ्यात अवकाळीची चाहूल ताऱ्यांवरून घ्यायची, तर उपकरणाशिवाय जमतील अशा दोन रीती आहेत: ताऱ्यांची लुकलुक पाहणं किंवा कृत्तिका या तारकापुंजातले तारे मोजणं.

लुकलुकीला तयारी लागत नाही. वरच्या हवेत जोराचा वारा आणि गरम-थंड थरांची घुसळण असली की तारे थरथरतात. हवा पालटण्याआधी अशी घुसळण असू शकते, म्हणून हा ठोकताळा अगदीच निराधार म्हणता येणार नाही. फक्त उगवत्या व्याधावरून मत बनवू नये, तो स्वच्छ रात्रीही रंग बदलत चमचमतो. क्षितिजापासून ३० अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश माथ्यावरच्या ताऱ्याच्या दुप्पट हवेतून येतो. ४५ अंशांच्या वरचाच तारा धरावा.

लुकलुकीवरून माझं मन उडालं ते मात्र वेगळ्याच कारणाने. लुकलुक वाऱ्याचं सांगते, ढगाचं नाही. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की तारे नाचतात आणि पुढे येते नुसती थंडी. शिवाय आजची लुकलुक कालच्यापेक्षा जास्त की कमी, हे ठरवायचं कशाने? ज्याला उद्या द्राक्षबागेत फवारणी करायची आहे, त्याचं 'जरा जास्तच वाटते' एवढ्यावर भागत नाही.

कृत्तिकांना आकडा आहे. ताऱ्याचं तेज 'प्रती'त मोजतात, प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. कृत्तिकांतला सर्वांत तेजस्वी तारा २.९ प्रतीचा, सहावा ४.३ चा, त्यापुढचे ५ किंवा त्याहून मंद. जानेवारीच्या मध्याला साडेआठच्या सुमारास त्या जवळजवळ माथ्यावर असतात. २० मिनिटं मोबाइल न पाहता अंधारात थांबावं, मग रोज त्याच जागेवरून मोजावं. नेहमी सहा दिसणाऱ्या जागेवरून चारच दिसले, तर दिव्यांत न दिसणारा सिरस, म्हणजे खूप उंचावरच्या तंतुमय ढगांचा, पातळ पडदा वर असू शकतो. पश्चिमी झंझावाताआधी असे ढग पुढे येतात.

पेरू-बोलिव्हियातले अँडीजमधले शेतकरी जूनअखेर पहाटे हेच कृत्तिकांचं तेज पाहतात आणि ते मंद असेल तर बटाट्याची लावणी पुढे ढकलतात. ऑर्लोव्ह, चिआंग आणि केन यांनी २००० साली याची संगती लावली: एल निन्योच्या (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या) वर्षी उंचावर पातळ ढग वाढतात आणि पुढच्या हंगामात तिथे पाऊस कमी पडतो. म्हणजे तिथे मंद तारे दुष्काळी हंगामाची खूण, आपल्याकडे एक-दोन दिवसांतल्या संभाव्य पावसाची. तिकडचा नियम जसाच्या तसा इथे लावू नये.

मोजणीचीही कटकट आहेच. चांदणं आणि रस्त्यावरचे दिवे आकडा पाडतात. शहरात सहाही दिसणार नाहीत. धूर-धुकंही फसवतं. त्यासाठी अर्ध्या तासाने पुन्हा मोजावं: आकडा वरखाली झाला तर बहुधा ढग सरकतोय, तसाच कमी राहिला आणि क्षितिजाजवळचे तारे पार पुसले गेले असतील तर धुरकं. चंद्र मोठा असेल त्या रात्री मोजणी सोडून त्याच्याभोवती २२ अंशांचं खळं आहे का, ते पाहावं; तीही सिरसचीच खूण.