प्रोटीन स्ट्रक्चर डोक्यात शिरत नसेल तर ही फुकट साईट उघडाच

बारावी, नीट, बीएस्सी, जे काही करताय, आरसीएसबीची (RCSB) प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या थ्रीडी रचनांचा ऑनलाइन संग्रह, एकदा तरी वापरा. ही बँक १९७१ पासून चालू आहे, पैसे नाहीत, लॉगिन नाही. पुस्तकात प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, क्वाटर्नरी अशी चार चित्रं वेगवेगळी छापतात आणि पोरं ती व्याख्येसारखी पाठ करतात, इथे मात्र एकाच रेणूत चारही लेव्हल एकदम दिसतात आणि मला तरी यापेक्षा चांगलं साधन माहीत नाही.

प्रत्येक रचनेला तिथे एक कोड असतो, सर्चमध्ये ४एचएचबी (4HHB) टाका, हे आपलं माणसाचं हिमोग्लोबिन. थ्रीडी उघडलं की वर अक्षरांची ओळ येते ती प्रायमरी, अल्फा साखळीत १४१ अमिनो ॲसिड आणि बीटात १४६, कुठल्याही अक्षरावर क्लिक करा, मॉडेल थेट तिथे झूम होतं. पिळाच्या पट्ट्या म्हणजे अल्फा हेलिक्स, ही सेकंडरी, अख्खी साखळी घडी पडून हीमला (लोह असलेला, ऑक्सिजन धरणारा भाग) धरून बसते ती टर्शरी, आणि अशा चार साखळ्या मिळून क्वाटर्नरी. सेकंडरीचा दुसरा प्रकार, बीटा शीट, यात सापडणारच नाही, त्यासाठी १ईएमए (1EMA) बघा, ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन, ११ पट्ट्यांचं पिंप, काय सुंदर दिसतं!

आणि मग २एचबीएस (2HBS), सिकल सेलवालं हिमोग्लोबिन. आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार आहे म्हणून हे प्रत्येक वर्गात दाखवायलाच हवं. बीटा साखळीत ६ व्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, बदल एवढाच, पण ते व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत, फिनाइलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ जवळ जाऊन रुतलेलं डोळ्यांना दिसतं, असेच रेणू एकमेकांना चिकटत लांब दोरे होतात आणि लाल पेशीचा आकार बिघडतो.

एक सांभाळा, १एचएचओ (1HHO, हेही हिमोग्लोबिनच) उघडून असेंब्लीऐवजी (म्हणजे पूर्ण रेणूऐवजी) मॉडेल निवडलंत तर दोनच साखळ्या दिसतील, उरलेल्या दोन गेल्या कुठे असं वाटेल, तर क्वाटर्नरी बघताना असेंब्लीच ठेवा. मोबाईलवर चालतं पण स्क्रीन फार लहान पडते, लॅपटॉप घ्या.

इंग्रजी वाचायची तयारी असेल तर पीडीबी-१०१ (याच बँकेची शिकण्यासाठीची साईट) मधलं मॉलिक्यूल ऑफ द मंथ हे सदर पण वाचा, २००० च्या जानेवारीत मायोग्लोबिनपासून सुरू झालंय. मायोग्लोबिनची (स्नायूत ऑक्सिजन साठवणारं प्रोटीन) साखळी एकच, म्हणजे क्वाटर्नरी नाहीच, ते हिमोग्लोबिनशेजारी दुसऱ्या टॅबमध्ये उघडून ठेवा.