फोनमधलं टॅबवर आणायचं कसं: गूगल खातं, सिंकथिंग की साधी केबल?

आधी माझं मत सांगून टाकतो, कारणं मागाहून येतीलच. संपर्क क्रमांक, कॅलेंडर आणि छोटी टिपणं गूगल खात्यावर ठेवा. त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. फोटो, व्हिडिओ आणि कामाच्या फाइलींचं मात्र तसं नाही. तुम्ही राहता कुठे आणि तो टॅब घरात कुणाकुणाच्या हातात असतो, यावर तिथली निवड ठरते. बेळगाव शहरात टिळकवाडीत फायबरचं कनेक्शन घेतलेल्या घराला जे जमतं, ते खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात ऐन पावसाळ्यात राहणाऱ्याला जमत नाही.

वडगावात यंत्रमाग असलेल्या एका ओळखीच्या साडीवाल्यांचं उदाहरण घेतो. नमुना मागावरून उतरला की ते फोनवर फोटो काढतात. गिऱ्हाइकाला दाखवायचा तो टॅबवर, कारण काठाचं बारीक काम फोनच्या पडद्यावर नीट दिसत नाही. त्यांची तक्रार साधी होती: “फोनात बघालोय तर हाय, टॅबवर काय दिसेनाच झालंय.” मग रोज रात्री व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो पाठवायचे आणि सकाळी दुकानात टॅबवर उतरवून घ्यायचे. बहुतेकांचा मार्ग हाच आहे, आणि तो आधी बंद करावा असं मला मनापासून वाटतं. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. मूळ फोटो जसाच्या तसा हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो, आणि घाईत ते कुणी करत नाही. दुसरं म्हणजे, एखादा नमुना संपला म्हणून फोनवरचा फोटो डिलीट केला तरी टॅबवर तो तसाच राहतो. गिऱ्हाईक नेमकं त्याच साडीवर बोट ठेवतं.

यावर खरे पर्याय तीन: गूगलसारखं ऑनलाइन खातं, दोन उपकरणं थेट जोडणारं सिंकथिंगसारखं ॲप, नाहीतर केबल, मेमरी कार्ड आणि क्विक शेअर (जवळच्या उपकरणाला बिनतारी फाइल पाठवण्याची अँड्रॉइडमधली सोय).

गूगल खातं: नंबरांसाठी उत्तम, फोटोंसाठी जपून

अँड्रॉइड फोन आणि अँड्रॉइड टॅब, दोन्हीकडे एकच जीमेल टाकलं की निम्मं काम झालं असं आपल्याला वाटतं. तरी टॅबवर निम्मेच नंबर दिसतात. त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. नवा नंबर सेव्ह करताना तो कुठे ठेवायचा, हे फोन विचारतो: फोनमध्ये, सिममध्ये की गूगल खात्यात. आपण न वाचता पुढे जातो. फोनमध्ये किंवा सिममध्ये ठेवलेला नंबर गूगलकडे आपोआप जात नाही, मग टॅबवर येणार कुठून? निपाणीच्या बाजारपेठेत वर्षानुवर्षं तेच सिम वापरणाऱ्या व्यापाऱ्यांचे सगळ्यांत जुने, सगळ्यांत मोलाचे नंबर बहुधा सिममध्येच अडकलेले असतात. गूगलच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये सिमवरून नंबर आयात करण्याची सोय आहे. ते एकदा करून घ्या, आणि नवे नंबर कायम गूगल खात्यातच जातील असं सेटिंग ठेवा. नंबर चुकून डिलीट झाला तरी 30 दिवस तो कचरापेटीत असतो.

टिपणांना गूगल कीप आणि लिखाणाला गूगल डॉक्स, यांना माझ्या मते तोड नाही. बेळगाव परिसरातल्या कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथल्या साहित्य संमेलनांच्या तयारीत निमंत्रण, कार्यक्रमपत्रिका, पाहुण्यांची यादी हे सगळं शेवटच्या दिवसापर्यंत बदलत असतं. ती यादी डॉक्समध्ये असली की फोनवर केलेली दुरुस्ती टॅबवर लगेच दिसते आणि चार कार्यकर्ते एकाच वेळी त्यात हात घालू शकतात. कुणी काय बदललं याचा इतिहासही राहतो. हे काम सिंकथिंगकडून होणार नाही.

इथे एक अडचण सांगायला हवी, कारण ती सिंकची, म्हणजे दोन उपकरणांतली माहिती आपोआप सारखी ठेवण्याची, नसून सिंकच्या माथी मारली जाते. छापखान्यातून आलेली जुनी फाइल श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. टॅबवर ती उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाइल पूर्ण आणि बरोबर आलेली असते. टॅबमध्ये तो फॉन्ट नसतो, एवढंच. कुठलीही सिंक व्यवस्था फाइलीबरोबर फॉन्ट आणत नाही. छापखान्याकडून पीडीएफ मागा, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही उपकरणावर दिसणाऱ्या मराठी अक्षरांत, करून घ्या.

आता फोटो. गूगलची फुकट जागा 15 जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. 1 जून 2021 पर्यंत थोडे लहान केलेले फोटो या हिशेबात धरले जात नव्हते. त्यानंतरचे धरले जातात. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच 15 जीबीत मोजला जातो. सकाळच्या शुभेच्छा, लग्नाचे व्हिडिओ, गणपतीच्या मिरवणुका या सगळ्यांनी ती जागा कधी भरते ते कळतही नाही. भरली की फक्त फोटो चढायचे थांबतात असं नाही, जीमेलवर पत्रंही यायची थांबतात. पैसे भरून जागा वाढवता येते; 100 जीबीची योजना महिन्याला साधारण 130 रुपयांच्या घरात आहे. धंद्यासाठी हा खर्च मोठा नाही. पण एकदा सुरू केला की तो थांबवणं अवघड जातं, हे घेण्याआधी ध्यानात घ्या.

जागेपेक्षा मोठा धोका डिलीटचा आहे. गूगल फोटोजमध्ये दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात आणि परिणाम मात्र उलटे होतात. बॅकअप झालेला फोटो त्या ॲपमधून डिलीट केला, तर तो खात्यातूनच जातो, म्हणजे फोनवरून, टॅबवरून, सगळीकडून. ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय वापरला, तर फक्त त्या फोनमधली प्रत जाते. खात्यातली राहते आणि टॅबवर दिसतही राहते. फोन भरला म्हणून घाईघाईत पहिला मार्ग धरणाऱ्यांनी घरातल्या लग्नाचे फोटो गमावले आहेत. बॅकअप झालेले फोटो कचरापेटीत 60 दिवस राहतात, तेवढ्या मुदतीत परत आणता येतात. पुढे काही नाही.

कामाच्या फाइलींचा फोल्डर आपोआप दोन्हीकडे सारखा राहावा, ही अपेक्षा गूगल ड्राइव्हचं अँड्रॉइड ॲप पुरी करत नाही. त्यात फाइल चढवता येते, उघडता येते, ऑफलाइनसाठी खूण करून ठेवता येते. तालुका कचेरीत जाताना जमिनीच्या उताऱ्याची पीडीएफ टॅबवर हवी असेल, तर घरी वाय-फाय असतानाच ती खूण करून ठेवा. कचेरीत नेटवर्क मिळेलच, या भरवशावर निघू नका.

सिंकथिंग: इंटरनेट नसलं तरी चालणारं

माझा कल कुठे आहे ते इथे लपवत नाही. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात नेटवर्क येतं-जातं, वीजही तशीच. अशा गावातल्या मराठी शाळेतल्या गुरुजींनी वर्गातल्या कामाचे फोटो आणि व्हिडिओ फोनवर काढले आणि ते मुलांना टॅबवर दाखवायचे असतील, तर फोटो आधी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर चढवून पुन्हा त्याच खोलीत उतरवणं हा उलटा घास आहे. दोन्ही उपकरणं एका हाताच्या अंतरावर असतात.

सिंकथिंग नेमकं तेवढंच करतं. हे फुकट आणि मुक्तस्रोत आहे, 2013 पासून चालू आहे. मधे कुणाचं खातं नाही, कुणाचा सर्व्हर तुमच्या फाइली ठेवून घेत नाही. दोन्ही उपकरणं एकाच वाय-फायवर असली की ती एकमेकांना शोधतात आणि ठरवलेला फोल्डर सारखा करतात. त्या राउटरला इंटरनेट नसलं तरी चालतं. पाठवणी कूटबद्ध असते, म्हणजे मधे कुणाला ती वाचता येत नाही. जागेला मर्यादा एकच: टॅबमध्ये जागा किती आहे.

जोडणी अशी. दोन्हीकडे ॲप घ्या. टॅबवर त्याचा क्यूआर कोड दाखवा, फोनने तो स्कॅन करा, दोन्हीकडे संमती द्या. मग फोनवर ‘साडी नमुने’ असा फोल्डर निवडा आणि टॅबला त्यात वाटेकरी करा. फोल्डरचं नाव देवनागरीत असलं तरी अडत नाही. यापुढचं एक सेटिंग महत्त्वाचं आहे: फोनवर तो फोल्डर ‘फक्त पाठवा’ आणि टॅबवर ‘फक्त घ्या’ असा ठेवा. मग दुकानात कुणी टॅबवरून फोटो डिलीट केला तरी फोनमधला सुरक्षित राहतो. फोनवरून तुम्ही डिलीट केलेला नमुना मात्र टॅबवरूनही निघून जातो, आणि साडीवाल्यांना हवं होतं ते हेच. टॅबच्या बाजूला जुन्या प्रती कचरापेटीत ठेवण्याची सोय आहे, तीही चालू करा. म्हणजे फोनवर हात चुकला तरी एक आसरा राहील.

याचे तोटेही तसेच खरे आहेत. दोन्ही उपकरणं एकाच वेळी चालू आणि जोडलेली असावी लागतात; फोन घेऊन तुम्ही गावाला गेलात आणि टॅब घरी बंद पडला असेल, तर काहीच होणार नाही. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन मागे चाललेली ॲप बंद करतात, म्हणून सेटिंग्जमध्ये या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्यावी लागते. हे केलं नाही तर दोन दिवसांत “चालत नाही” म्हणून लोक ते काढून टाकतात. एकच फाइल दोन्हीकडे बदलली, तर सिंकथिंग दोन्ही प्रती ठेवतं आणि एकीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं जोडतं. त्यातली कुठली खरी ते तुम्हीच बघायचं. आणखी एक: मूळ अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं. आता वापरायचं ते सिंकथिंग-फोर्क, एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲपांच्या दुकानात मिळतं. ज्याला एवढी जुळवाजुळव जड वाटते, त्याच्या घरी कॉलेजात जाणारी पुतणी किंवा भाचा असेल तर अर्ध्या तासात हे लावून होतं.

सिंकथिंगच्या बाजूने मला सगळ्यांत वजनदार वाटणारा मुद्दा मात्र वेगळाच आहे. टॅब घरात बहुधा मुलांच्या हातात असतो. ऑनलाइन शाळेच्या काळात घेतलेले कित्येक टॅब अजून तेच करतात. त्यात तुमचं गूगल खातं घातलं की तुमची पत्रं, तुमचे सगळे फोटो, कागदपत्रांचे स्कॅन, हे सारं त्या पोराच्या बोटाखाली येतं. बँकेची पत्रंही जीमेलवरच येतात. सिंकथिंगमध्ये तुम्ही वाटलेला फोल्डर तेवढाच पलीकडे जातो. ज्या घरात टॅब सामायिक आहे, तिथे मी याच कारणासाठी गूगल फोटोजच्या आधी याची शिफारस करतो. गूगलच हवं असेल तर टॅबवर स्वतंत्र वापरकर्ता तयार करा. अनेक अँड्रॉइड टॅबमध्ये ती सोय असते.

केबल, कार्ड, क्विक शेअर

ही सिंक नव्हे, ही नेआण. पण महिन्यातून एकदा फोटो हलवायचे असतील तर बाकी काही लावूच नका. क्विक शेअर जवळच्या दोन अँड्रॉइड उपकरणांत राउटरशिवायही फाइल पाठवतं. पूर्वी गूगलचं ‘निअरबाय शेअर’ होतं, ते जानेवारी 2024 मध्ये सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळलं. वीज गेली, राउटर बंद पडला, तरी दोन्ही बॅटऱ्यांवर हे काम होतं. मोठे व्हिडिओ असतील तर केबल किंवा ओटीजी (फोनला थेट लावता येणारी) पेन ड्राइव्ह जलद पडते. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट32 पद्धतीची असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही; लग्नाचा पूर्ण व्हिडिओ तिथेच अडतो.

फोन अँड्रॉइड आणि टॅब आयपॅड असेल तर? दोन्ही ॲपलचे असते तर आयक्लाउडने सगळं बिनबोभाट झालं असतं. फुकट जागा तिथे फक्त 5 जीबी आहे, एवढंच. मिश्र जोडीत नंबर, कॅलेंडर, कीप आणि डॉक्स गूगलच्याच खात्यावर चालवा, ते आयपॅडवर नीट चालतं. सिंकथिंग मात्र तिथे मनासारखं चालत नाही, कारण आयपॅड मागे चाललेल्या ॲपना फार वेळ देत नाही. फोटो हलवायला लोकलसेंड हे फुकट ॲप दोन्हीकडे चालतं, एकाच वाय-फायवर असलं की पुरे.

व्हॉट्सॲपच्या गप्पा टॅबवर हव्या असतील तर त्या यांतल्या कशानेही येणार नाहीत. त्यासाठी टॅब व्हॉट्सॲपमध्येच ‘जोडलेलं उपकरण’ म्हणून लावायचा. फोनव्यतिरिक्त अशी 4 उपकरणं लावता येतात, आणि मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही तर ती आपोआप बाहेर पडतात.

कुठलाही मार्ग धरलात तरी पहिल्याच दिवशी खऱ्या फोटोंवर हात घालू नका. नवा फोल्डर किंवा अल्बम करा, त्यात घराच्या भिंतीचे पाचसहा फोटो घाला आणि ते टॅबवर आले का पाहा. मग एक फोनवरून डिलीट करा, एक टॅबवरून, आणि दोन्हीकडे काय उरतं ते बघा. टॅबवर डिलीट केलेला फोटो फोनवरूनही गेला असेल आणि तुम्हाला ते नको असेल, तर आधी सेटिंग बदला. साडीचे नमुने आणि लग्नाचे फोटो त्यानंतर.