कलम की मोदक? हाताने काढल्यासारखा देवनागरी फॉन्ट निवडताना

ट्रेकचं पोस्टर, मुलांच्या शिबिराची पाटी, ग्रुपवर टाकायचं एखादं गमतीदार ग्रीटिंग. अशा कामाला सरकारी पत्रातली ताठ अक्षरं शोभत नाहीत. गूगल फॉन्ट्सवर देवनागरीतले दोन खेळकर फॉन्ट फुकट मिळतात, 'कलम' आणि 'मोदक'. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, त्यामुळे व्यावसायिक कामातही चालतात. नुसती फॉन्टची फाइल तेवढी विकायची नाही. म्हणजे पैशांचा प्रश्न मिटला. आता बघायचं ते एवढंच, की तुम्हाला मजकूर लिहायचाय की एखादा शब्द रंगवायचाय?

'कलम' इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा. अक्षरं उजवीकडे झुकलेली, साध्या पेनाने भरभर लिहिल्यासारखी. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशी तीन वजनं, म्हणजे अक्षरांच्या तीन जाड्या, असल्याने शीर्षक आणि खालची वेळ-ठिकाणाची ओळ एकाच फॉन्टात भागते. चार-पाच ओळी डोळ्यांना त्रास न होता वाचून होतात. खोड एकच. माणसाच्या हातून प्रत्येक 'म' थोडा निराळा उतरतो, इथे सगळे जुळे. मजकूर लांबला की सोंग उघडं पडतं.

'मोदक' हा 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, आणि नावाला जागणारा गुबगुबीत. अक्षरांच्या आतली पोकळी इतकी आवळलीय की तिथे बारीक रेघाच उरतात. वजन एकच. 'धमाल!' लिहा, झकास दिसेल: आधी आकार दिसतो, मग शब्द वाचला जातो. स्टिकर, टी-शर्ट, पोस्टरचा मथळा यांसाठी मी डोळे झाकून हाच घेईन. पण 'विद्यार्थ्यांच्या' लिहून आकार लहान करून बघा. रफार, अनुस्वार, जोडाक्षरं, सगळ्यांची एकच गर्दी होते. मोदकात अख्खं वाक्य लिहिलेलं पाहिलं की मला लिहिणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्याची दया येते.

मधला मार्ग हवा असेल तर 'एक टाइप'चाच 'बलू २' आहे. गोलसर, पाच वजनांचा, कुठेही खपणारा. हस्ताक्षराचा भास मात्र त्यात नाही.

खेळकर फॉन्ट बदनाम होतो तो बहुधा जागा चुकल्यामुळे. मायक्रोसॉफ्टच्या एका प्रोग्रॅममधला कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमन या ताठ फॉन्टात बोलताना डिझायनर व्हिन्सेंट कॉनेर यांना खटकला, म्हणून १९९४ मध्ये त्यांनी कॉमिक सॅन्स हा फॉन्ट काढला. कुत्र्याच्या तोंडी तो शोभला असता. लोकांनी तो ऑफिसच्या सूचनांना लावला.

काहीही निवडलंत तरी 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'लक्ष्मी' हे शब्द आधी टाइप करून बघा. जोडाक्षरं सुटी पडली तर लगेच फॉन्टला दोष देऊ नका. जुनं फोटोशॉप किंवा इनडिझाइन असेल, तर सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे का, ते आधी पाहा.