इन्सुलेटरवरचा क्षार: पुसून मोजायचा की एक्स-रेनं?

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत स्वतःचं ३३ केव्हीचं यार्ड (विजेचं उघड्यावरचं उपकेंद्र) असेल आणि इन्सुलेटरवर, म्हणजे तारेला खांबापासून अलग धरणाऱ्या चिनी मातीच्या डिस्कवर, किती क्षार बसलाय ते मोजायचं असेल, तर दोन वाटा आहेत. एक जुनी, पुसून पाण्यात उतरवायची. दुसरी एक्स-रे फ्लुरोसन्सच्या गनची, म्हणजे एक्स-रे मारून परत येणाऱ्या एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या हातातल्या यंत्राची. सांगलीपुरतं माझं मत जुनीच्या बाजूनं आहे. गन लाखांत जाते हे खरं, पण मुख्य कारण इथली घाण.

गन मीठ मोजत नाही, मूलद्रव्यं मोजते. सोडियमचे एक्स-रे जेमतेम १ केईव्ही (एक्स-रेच्या ऊर्जेचं एकक) इतके, मधल्या हवेतच बहुतेक विरतात. म्हणून २.६ केईव्हीवरचं क्लोरीन मोजायचं आणि त्याला १.६५ नं गुणून मीठ काढायचं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हे बसतं, कारण तिथं बसतो तो खारा वारा. आपल्याकडं साखर कारखान्यांची राख, वीटभट्ट्यांचा धूर, खताची भुकटी. नायट्रेटमधला नायट्रोजन गनला दिसतच नाही. राखेतलं पोटॅशियम दिसतं, पण चिनी मातीच्या डिस्कमध्येही पोटॅशियम असतंच. मग आकडा कुणाचा धरायचा? शिवाय पाण्यात विरघळणारं कोणतं आणि नुसती माती कोणती, हे गन सांगत नाही. दव पडल्यावर फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे ओल्या डिस्कवरून वीज ठिणगी मारून पलीकडं जाते, ती विरघळणाऱ्यामुळं.

पुसायची पद्धत कटकटीची आहे खरी. हातमोजे घालून, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या कापसानं डिस्कच्या खालच्या कडांमधली खाच न् खाच पुसायची. वरची आणि खालची बाजू वेगळी धरा. खालचं पावसानं धुतलं जात नाही. समजा १५०० चौरस सेंटिमीटर पुसलं, पाणी ३०० मिली, आणि कोऱ्या पाण्याचं वजा करून, २० अंशांवर आणलेली कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीजवाहकता) ३०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर आली. आयईसी ६०८१५ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या सूत्रानं ईएसडीडी (दर चौरस सेंटिमीटरवर मिठाच्या हिशेबात किती क्षार) निघतो साधारण ०.०३२ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. क्षार कोणताही असो, तो मिठाच्या हिशेबात येतो. तेच पाणी गाळून, फिल्टर पेपर वाळवून वजन केलं की न विरघळणारी धूळही कळते. फक्त पाणी फार कमी घेऊ नका, जिप्समसारखे क्षार अर्धवट विरघळतात.

गनची खरी जमेची बाजू म्हणजे ती काही पुसत नाही. तीच जागा महिन्यानं पुन्हा मोजता येते, आणि एका डिस्कवर कुठं जास्त, कुठं कमी हे मिनिटा-मिनिटात कळतं. पण शेडच्या (डिस्कच्या छत्रीसारख्या भागाच्या) वळणावर गनचं नाक नीट टेकलं नाही तर क्लोरीनचा आकडा घसरतो. आणि लाईन चालू ठेवून मोजता येईल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. गन टेकवावी लागते, म्हणजे शटडाऊन आणि परमिट दोन्हीकडं सारखंच. वर गनला एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) किरणसुरक्षेचे नियम लागतात.

घाट उतरून कोकणात जाणारी लाईनही तुमच्याकडं असेल, तर गन भाड्यानं आणून तिथं वापरा. आधी चार-पाच डिस्क दोन्ही पद्धतींनी मोजून आकडे जुळवून घ्या. यार्डातलं पुसणं गळीत हंगाम संपल्यावर, पण वळवाच्या पहिल्या सरीआधी उरकायचं.