आमच्या ट्रेलरची एसटी: गुडइयर एन्ड्युरन्स, चार उन्हाळ्यांनंतर

टायरवर 'एसटी' ही अक्षरं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा टेक्सासच्या उन्हात, हायवेकडेच्या वाळक्या गवतात गुडघे टेकून बसले होते. मागचा उजवा टायर फुटून त्याच्या चिंध्या झालेल्या, आणि त्याच्या पुढचा, अजून शाबूत असलेला टायर मी आयुष्यात पहिल्यांदाच नीट बघत होते. तेवढ्यातही हसू आलं. माझे वडील, अण्णा, मिरज डेपोत टायरच्या कामावर होते. उभं आयुष्य एसटीच्या चाकांत गेलं त्यांचं. आणि त्यांची लेक सातासमुद्रापार एसटीमुळेच रस्त्यावर बसलेली.

ही एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर. अमेरिकेत ट्रेलरसाठी जे टायर बनतात त्यांच्या मापाआधी ही अक्षरं असतात. ट्रेलरच्या चाकाला इंजिन फिरवत नाही आणि स्टिअरिंग वळवत नाही, त्याने फक्त ओझं उचलून सरळ मागे यायचं. म्हणून या टायरच्या बाजू जाड आणि ताठ असतात, आणि हवा कारच्या दीड-दुपटीने भरावी लागते. हे सगळं मला नंतर कळलं. आधी आम्ही काय केलं ते सांगते, कारण या टायरांचं कौतुक त्याशिवाय कळायचं नाही.

आमचा ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, २४ फुटी, दोन एक्सलचा, २०१६ चा. २०२० मध्ये सगळं जग घरात बसलं होतं तेव्हा सेकंडहँड घेतला. विकणाऱ्याने सांगितलं, टायर नव्यासारखे आहेत. होतेच. नक्षी खोल, कुठे झीज नाही. पुढच्या जुलैत आम्ही डॅलसहून पालो ड्युरो कॅन्यनला निघालो. विचिटा फॉल्स सोडलं, व्हर्नन गेलं. २८७ नंबरचा हायवे तिथे सरळसोट आहे, नवऱ्याचा काटा ७० मैलांवर. चिल्ड्रेसच्या अलीकडे धाडकन आवाज झाला. मला वाटलं मागच्या ओट्यावरचा कुकर पडला.

टायर नुसता फुटत नाही हे तेव्हा कळलं. वरचा पट्टा सुटतो आणि चाबकासारखा फिरतो. त्याने चाकावरचं पत्र्याचं मडगार्ड उचकटलं, खालचं इन्सुलेशन ओरबाडलं आणि ब्रेकची वायर तोडली. टायरपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त झाला. दोन एक्सलच्या ट्रेलरात एक टायर गेला की त्याचं ओझं त्याच बाजूच्या दुसऱ्यावर येतं, म्हणून तोही संशयात. स्टेपनी लावून, रांगत रांगत चिल्ड्रेस गाठलं.

रात्री अण्णांना फोटो पाठवला. व्हिडिओ कॉलवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हवा किती होती?" मला माहीत नव्हतं. नवऱ्याने निघताना प्रत्येक टायरला लाथ मारून बघितली होती, तेवढीच आमची तपासणी. दुसरा प्रश्न, "साल कुठलं?" मी म्हटलं, २०१६. "गाडीचं नाही गं बाई, टायरचं."

टायरच्या बाजूला डीओटी अशी अक्षरं आणि पुढे लांबलचक नंबर असतो. त्यातले शेवटचे चार आकडे बघायचे. आमच्यावर ३११५ होतं, म्हणजे २०१५ सालचा ३१ वा आठवडा. सहा वर्षं होत आलेली. कधी कधी हे आकडे ट्रेलरच्या आतल्या बाजूला असतात, मग पाठीवर झोपून टॉर्च घेऊन बघावं लागतं. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, उभा राहून म्हातारा होतो. रबरात संरक्षण करणारं मेण घातलेलं असतं. टायर फिरला, दबला की ते पृष्ठभागावर येत राहतं. वर्षातले दहा महिने गाडी अंगणात उभी, वर टेक्सासचं ऊन, तर ते येणार कुठून? नक्षी मात्र नवीकोरी दिसत राहते.

आता वजन. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझी खरी चूक इथेच होती. आमच्या टायरचं माप एसटी २०५/७५आर१४, लोड रेंज (म्हणजे ओझं पेलायच्या ताकदीची पायरी) सी. बाजूवर छापलेलं की एक टायर ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेवर १७६० पौंड उचलेल. चार टायर मिळून ७०४०. आमचे एक्सल प्रत्येकी ३५०० पौंडांचे, म्हणजे ७०००. शिल्लक राहिली ४० पौंड. इंडियन स्टोअरमधल्या सोना मसुरीच्या दोन पिशव्या! कारखान्याने हिशेब इतका काटेकोर बसवलेला. आणि तो हिशेबही पूर्ण ५० हवा असेल तरच. कमी हवेवर टायरची ताकद उतरते. आमचा उरलेला एक टायर थंड झाल्यावर मोजला तर ३८ निघाला.

परतताना ट्रक थांबतात तिथल्या कॅट स्केलवर ट्रेलर चढवला. वीस डॉलरही लागत नाहीत, काट्यावर उभं राहायचं आणि चिठ्ठी घ्यायची. आमच्या ट्रेलरच्या एक्सलवर ६५४० पौंड. मला वाटत होतं पाच हजार. पण ४० गॅलनची पाण्याची टाकी भरलेली म्हणजे तिचेच ३३० पौंड झाले. शिवाय बिडाचा तवा, दोन कुकर, दहा किलो कणीक, सासूबाईंची खुर्ची. ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येक देशी माणसाने आधी काट्यावर जावं, कारण ब्रोशरमधलं वजन आपल्या स्वयंपाकघराला लागू नाही.

म्हणून नवे टायर घेताना त्याच मापात एक पायरी वरचे घ्यायचे ठरवलं. लोड रेंज डी, ६५ पीएसआयवर २०४० पौंड. चार मिळून ८१६०. वजन तेवढंच ठेवायचं, फक्त टायरला श्वास घ्यायला जागा. इथे एक गैरसमज आमच्या मंडळातल्या दोघांनी बोलून दाखवला, की मग आता हजार पौंड जास्त भरता येतील. नाही येणार. एक्सल तेच आहेत.

पसंत केले गुडइयर एन्ड्युरन्स. २०१७ मध्ये आले, अमेरिकेतच बनतात. त्याआधी याच कंपनीच्या ट्रेलर टायरचं नाव मॅरेथॉन होतं. कॅम्पिंगवाल्यांत स्वस्त आयात टायरांना 'चायना बॉम्ब' म्हणायची पद्धत आहे. मला ते निम्मंच पटतं. सहा वर्षांचा, ३८ पीएसआयचा, ७० मैलांनी पळवलेला टायर कुठल्याही देशात बनला असता तरी फुटलाच असता. मी हे घेतले ते लोड रेंज डी आमच्या मापात मिळत होती म्हणून, आणि वेगाचं रेटिंग एन, म्हणजे ताशी ८७ मैल आहे म्हणून. एसटी टायरवर वेगाचं अक्षर नसेल तर मर्यादा ६५ मैल समजायची. पलीकडे कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५ आहे. आम्ही ८७ ने जाणार नाही. पण ६२ ने जाताना टायर त्याच्या मर्यादेच्या काठावर नाही, एवढं समाधान मला पुरतं.

खरेदीची गंमत. आधी एका मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने चार टायर आणून ठेवले, स्टिकर सुद्धा निघालेले नव्हते. मी वाकून आकडे वाचले तर सव्वादोन वर्षं जुने. तो म्हणाला, "नवेच आहेत, कोणी वापरलेले नाहीत." मी म्हटलं, दूधही कोणी प्यायलेलं नसतं, तरी आपण तारीख बघतो. त्याला विनोद कळला नाही. पैसे परत घेऊन निघाले.

शेवटी घरापासून पंधरा मिनिटांवरच्या एका यांतेरात काम झालं. मेक्सिकन लोकांच्या टायर दुकानाला इकडे यांतेरा म्हणतात. टिनाची शेड, बाहेर टायरांच्या चवडी, रेडिओ मोठ्याने. अगदी आपल्या हायवेकडेच्या पंक्चरवाल्याचा थोरला भाऊ. मालकाला मी फोनवर सांगितलं, तारीख सहा महिन्यांच्या आतली हवी. त्याने मागवले ते २७२१ चे, म्हणजे दोन महिन्यांचे. पाच घेतले, कारण स्टेपनी जुनी ठेवली तर ती ऐनवेळी दगा देणार. पाच टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, कर, सगळं मिळून आठशे डॉलरला थोडे कमी. ट्रेलरची चाकं बॅलन्स करायला लागत नाहीत असं पुष्कळ जण म्हणतात. केलं, आणि त्यानंतर कपाटातल्या बश्या वाजायच्या थांबल्या, एवढं मी सांगू शकते.

त्याने मला न विचारता दोन गोष्टी केल्या. एक, रिम उलटी करून मागे कोरलेला आकडा दाखवला: २२०० पौंड. टायर २०४० पौंडांचा घेतला आणि रिम तेवढ्याची नसली तर काय उपयोग? दुसरं, जुने रबरी व्हॉल्व्ह कापून टाकले. नेहमीचा रबरी व्हॉल्व्ह ६५ पर्यंतच चालतो, म्हणजे आम्ही बरोबर शेवटच्या रेघेवर. त्याने धातूचे बसवले. बाहेरून हवेचा सेन्सर लावायचा असेल तर त्याच्या वजनाने रबरी व्हॉल्व्ह हेलकावे खातो, त्यामुळेही धातूचाच बरा.

सेन्सर आम्ही वेगळे घेतले. कारला हवेची सूचना देणारी यंत्रणा अमेरिकेत कायद्याने असते, ट्रेलरला नसते. ओढणाऱ्या गाडीत बसून मागचा टायर पंक्चर झालेला कळतच नाही, हे मी स्वतः भोगलंय. व्हॉल्व्हच्या टोपणाऐवजी सेन्सर फिरवायचा, समोर छोटा पडदा. २०२३ मध्ये सांता फेला जाताना, सांता रोझाच्या पुढे एका टायरचा आकडा ७२ वरून हळूहळू उतरायला लागला. ५८ ला थांबलो. भला मोठा स्क्रू निघाला. पाना, जॅक, स्टेपनी, चाळीस मिनिटं, वर चहा.

तो पडदा एक नवीन आजारही लावतो. सकाळी ६५ भरलेली हवा दुपारी उन्हात ७४-७५ दाखवते, आणि नवरा हवा सोडायला निघतो. सोडायची नाही! छापलेला आकडा थंड टायरचा असतो. तापल्यावर वाढणार हे कंपनीने धरलेलंच आहे. गरम टायरची हवा सोडली तर रात्री तो उपाशी. म्हणून मी सकाळी सूर्य चाकांवर यायच्या आत मोजते. अण्णा म्हणतात, पहिली गाडी सुटायच्या आधी मोजायची. तेच.

चाक काढून बसवल्यावर नट परत आवळायचे, हे मात्र आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या एक्सलच्या पुस्तकात लिहिलंय: टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) ९० ते १२० फूट-पौंड, समोरासमोरचे नट आळीपाळीने, आणि मग १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा तपासा. पहिल्यांदा २५ मैलांवर दोन नट चक्क पाव फेरा फिरले.

सप्टेंबर २०२१ पासून या टायरांवर साधारण १४,००० मैल झाले. बिग बेंड, व्हाइट सँड्स, दोनदा कोलोराडो, आर्कान्सातलं हॉट स्प्रिंग्ज. १०४ फॅरनहाइटला आय-२० हायवेवर तासन्‌तास. फुगवटा नाही, बाजूला चिरा नाहीत, झीज सारखी आहे. कॅम्पसाइटवर ट्रेलर आखूड वळवून मागे घेताना दोन एक्सलचे टायर बाजूला घासतात, बघवत नाही इतके वाकतात. तेही सोसलं. घरी उभा असताना पांढरी आवरणं घालते, चाकांखाली फळ्या ठेवते आणि दोन महिन्यांतून एकदा नवऱ्याला ट्रेलर चौकाला चक्कर मारून आणायला लावते. शेजारी विचारतात, कुठे निघालात? कुठेच नाही, टायरला फिरवून आणतोय.

कारचे टायर लावून पैसे वाचवू नका. कारचा टायर ट्रेलरला लावला तर त्याची छापलेली क्षमता आणखी घटवून धरावी लागते, १.१ ने भागून. आमच्या वजनाला ते परवडणारं नाही.

पुढच्या सप्टेंबरात यांना पाच वर्षं होतील आणि मी पुन्हा हेच घेणार आहे. नवऱ्याचा विरोध आहे; नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे म्हणतो. यांतेरावाल्याला मी आधीच फोन करून ठेवलाय. जुन्यातला एक मागच्या ओक झाडाला झोपाळ्यासाठी टांगायचा, एवढ्यावर आमची तडजोड झाली आहे. अण्णांचं म्हणणं, झोपाळ्याच्या दोरीचं साल बघून घ्या.