पारिया की अरावायपा? दोघंच जाणार असाल तर

कागदावर अमेरिकेतल्या या दोन घळी जुळ्या बहिणी वाटतात. दोन्हींना १९८४ मध्ये संरक्षित अरण्याचा दर्जा मिळाला, दोन्हीकडे परमिट लागतं, आणि दोन्हीकडे वाट म्हणजे नदीचं पात्रच. पाण्यात उतरलात की मात्र साम्य संपतं.

पारियाची वाट युटामधल्या व्हाइट हाउस नावाच्या सुरुवातीच्या ठिकाणापासून ॲरिझोनातल्या लीज फेरीपर्यंत, म्हणजे सुमारे ६१ किलोमीटर. चार-पाच दिवस धरा. शेवट कोलोरॅडो नदीकाठी होतो, त्यामुळे गाडी दुसऱ्या टोकाला आधीच नेऊन ठेवावी लागते. अरुंद भागात दोन्ही हातांना उभ्या भिंती. मान वर केली की डोक्यावर बऱ्याच उंचीवर अडकलेले ओंडके दिसतात. पूर कुठवर चढतो ते सांगायला वेगळी पाटी लागत नाही. जुलै ते सप्टेंबरमध्ये तिथे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत. आभाळ तुमच्या डोक्यावर निळं असलं तरी पाऊस वरच्या खोऱ्यात पडलेला असू शकतो.

पाण्याचं गणित तर आणखी नाजूक. नदी वाहती असली तरी पाणी दुधाळ चहासारखं. रात्री पिशवीत भरून ठेवलं तर सकाळी तळाशी गाळाचा थर बसलेला, आणि तसंच गाळायला घेतलं तर फिल्टर बघता बघता तुंबतो. म्हणून भिंतींतून झिरपणारे झरे गाठत चालायचं. त्यातला शेवटचा भरवशाचा झरा चाळीसाव्या किलोमीटरच्या आसपास. पुढचे वीस किलोमीटर उघडं ऊन, आणि पाणी पाठीवर.

अरावायपा ॲरिझोनातच, पण सोनोरन वाळवंटात. एका टोकापासून दुसरं सुमारे १९ किलोमीटर. बारमाही ओढा, काठाला कॉटनवुडच्या झाडांची सावली, कड्यांवर नशीब असेल तर रानमेंढ्या. दिवसाला फक्त ५० माणसांना प्रवेश: पश्चिमेकडून ३०, पूर्वेकडून २०. मुक्काम जास्तीत जास्त दोन रात्रींचा. दोन टोकांमधला गाडीरस्ता काही तासांचा आहे, त्यामुळे बहुतेक जण आत मुक्काम टाकून आलेल्या वाटेनेच परततात. कुत्रा सोबत न्यायचा असेल तर अरावायपा बाद. तिथे बंदी आहे.

आता मुख्य मुद्दा, तुमचा जोडीदार. अरावायपात एकाचा गुडघा कुरकुरला तर मागे फिरता येतं, फार तर अर्धी सहल जाते. पारियात तिसऱ्या दिवशी तेच झालं तर पुढेही लांब आणि मागेही लांब. तिघं-चौघं असतील तर एक थांबतो, एक मदत आणायला जातो. दोघांत कुणीतरी एकटं उरतंच. एकत्र पहिलाच मोठा ट्रेक असेल तर मी डोळे झाकून अरावायपा सांगेन, पारियाचे फोटो कितीही खुणावोत.

दोघंही मुरलेले असाल तर पारियाच. फक्त परमिट काढायच्या आधी एक दिवस पाणी भरलेल्या बुटांनी, पाठीवर पूर्ण वजन घेऊन चालून बघा. मोज्यात गेलेली बारीक वाळू दुपारपर्यंत टाचेची साल काढते. ते कुणाला आधी जाणवतं आणि तो ते बोलून दाखवतो की नाही, दोन्ही तेव्हाच कळेल.